मादागास्कर : बेट, बोली आणि अरबी लिपीतील बखरी

आपल्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत हिंदी महासागराचा उल्लेख बहुधा वास्को द गामाबरोबर येतो आणि त्याच्याबरोबरच संपतो. या महासागराच्या पश्चिम अंगाला असलेल्या मादागास्कर या प्रचंड बेटाविषयी तर इ.स. १५०० मध्ये पोर्तुगीजांनी त्याचा ‘शोध’ लावला, एवढेच वाक्य आढळते. ज्या बेटावर अनेक शतके माणसे नांदत होती, जेथे दगडी तटबंदीची बंदरे होती आणि जेथील कातिब स्वतःच्या भाषेत आपल्या घराण्यांचा इतिहास लिहून ठेवत होते, त्या बेटाचा शोध लागला म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात बेटाचा भूगोल आणि निसर्ग यांचा थोडक्यात परिचय करून देऊन त्याच्या लिखित परंपरेकडे, म्हणजे अरबी लिपीत लिहिलेल्या मलागासी हस्तलिखितांकडे, लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला आहे. ही परंपरा कशी वाढली याइतकेच ती मागे का पडली, हेही शिक्षक म्हणून आपण समजून घेण्यासारखे आहे.

बेट आणि त्याची जमीन

ग्रीनलंड, न्यू गिनी आणि बोर्निओ यांच्यानंतर मादागास्कर हे जगातील चौथ्या क्रमांकाचे मोठे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ५,८७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. दक्षिणोत्तर लांबी सुमारे १,६०० किलोमीटर. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून हे बेट मोझांबिकच्या सामुद्रधुनीने वेगळे झाले असून ही सामुद्रधुनी अगदी अरुंद ठिकाणीही सुमारे ४०० किलोमीटर रुंद आहे.

बेटाच्या मध्यभागी उंच पठार आहे. राजधानी अंतानानारिव्हो समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंचीवर वसली आहे, तर उत्तरेकडील मारोमोकोत्रो हे सर्वोच्च शिखर २,८७६ मीटर आहे. आग्नेयेकडून येणारे वारे पूर्वेच्या कड्याला अडतात आणि तेथे वर्षभर पाऊस पडतो. पठाराच्या पलीकडे पश्चिमेला पाऊस कमी होत जातो, आणि नैर्ऋत्येला काटेरी वनस्पतींचे कोरडे रान लागते. आपल्या सह्याद्रीमुळे कोकण आणि देश यांत जो फरक पडतो तोच येथे दिशा बदलून दिसतो. पठारावरची माती तांबडी आहे. जंगल तोडलेल्या उतारांवर पावसाने मोठमोठ्या घळी पडतात. त्यांना तेथे ‘लाव्हाका’ म्हणतात.

या भूमीचे आपल्या भूमीशी एक फार जुने नाते आहे. सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आणि भारत हा जोडखंड आफ्रिकेपासून सुटला. त्यानंतर, सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी, भारताचा तुकडा मादागास्करपासून अलग होऊन उत्तरेकडे सरकला. उडुपीजवळ मालपे बंदरासमोर सेंट मेरी नावाची खडकाळ बेटे आहेत. तेथील ज्वालामुखीजन्य खडक सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीचे असून या फाळणीच्या वेळीच ते तयार झाले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. ईशान्य मादागास्करमधील अतिप्राचीन खडकांचे धारवाड भागातील खडकांशी असलेले साम्यही त्यांनी नोंदवले आहे. गोव्याच्या आणि बेळगावच्या विद्यार्थ्याला मादागास्कर हे नाव परके वाटत असले, तरी त्याच्या पायाखालचा दगड त्या बेटाचा नातलग आहे.

निसर्गाचे वेगळेपण

इतका दीर्घ काळ एकटे राहिल्यामुळे या बेटावरील जीवसृष्टी जगाहून वेगळी झाली. येथील बहुसंख्य सस्तन प्राणी, सरपटणारे प्राणी, बेडूक आणि वनस्पती इतरत्र कोठेही निसर्गतः आढळत नाहीत. गोरखचिंचेच्या म्हणजे बाओबाबच्या जगातील आठ जातींपैकी सहा फक्त येथे आहेत. सरड्यासारख्या, रंग बदलणाऱ्या शॅमेलिऑनच्या जगातील जवळजवळ निम्म्या जाती येथे आहेत. वाघ, सिंह, हत्ती, माकडे यांपैकी येथे मूळचे कोणीही नाही. मांजर आणि मुंगूस यांच्या मधला भासणारा ‘फोसा’ हाच येथील सर्वांत मोठा शिकारी सस्तन प्राणी.

या बेटाची खरी ओळख म्हणजे लीमर. माकडांच्या दूरच्या कुळातील या प्राण्यांच्या शंभराहून अधिक जाती येथे नोंदल्या गेल्या आहेत. त्यांचे पूर्वज बेट आफ्रिकेपासून सुटल्यानंतर फार उशिरा, बहुधा वाहत्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवरून समुद्र ओलांडून आले, असे मानले जाते. म्हणजे या बेटावर माणूसच नव्हे, तर लीमरही समुद्रमार्गानेच आलेला पाहुणा आहे.

माणूस आल्यानंतरच्या काळात येथील मोठे प्राणी नाहीसे झाले. गोरिलाएवढे लीमर गेले, बुटके पाणघोडे गेले, आणि सुमारे तीन मीटर उंचीचा, उडू न शकणारा ‘हत्तीपक्षी’ गेला. त्याच्या एका अंड्यात आठ लिटरहून अधिक पाणी मावेल. अरब खलाशांच्या कथांतील आणि सिंदबादच्या सफरींतील ‘रुख’ या महाकाय पक्ष्यामागे हीच अंडी असावीत, असा तर्क अनेकांनी केला आहे. तो सिद्ध झालेला नाही, पण दक्षिणेकडील वाळूत ही अंडी आणि त्यांची कवचे आजही सापडतात. उरलेल्या जंगलावरही मोठा ताण आहे. जंगल जाळून भात पेरण्याच्या पद्धतीला तेथे ‘तावी’ म्हणतात. ती आपल्या कोकण-कारवारकडील कुमरी शेतीसारखीच आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने लीमरच्या १०७ जातींपैकी १०३ जाती संकटात असल्याचे जाहीर केले.

बोलीतला इतिहास

जेथे शिलालेख नसतात तेथे भाषा हेच दफ्तर असते, आणि मादागास्करच्या बाबतीत हे दफ्तर विलक्षण बोलके आहे. आफ्रिका इतकी जवळ असूनही येथील मलागासी भाषा आफ्रिकी कुळातील नाही. ती मलाय, जावानी इत्यादी भाषांच्या कुळातील आहे. मलाय भाषेत दगडाला ‘बातू’ म्हणतात, मलागासीत ‘वातो’. मलाय ‘लांगित’ म्हणजे आकाश, मलागासी ‘लानित्रा’. मलाय ‘माती’ म्हणजे मृत, मलागासीतही ‘माती’च. फ्रेडरिक द हाउटमन या डच प्रवाशाने १६०३ मध्येच मलाय आणि मलागासी यांचा शब्दसंग्रह एकत्र छापला होता. पुढे १९५१ मध्ये नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ ओटो डाल यांनी मलागासीची सर्वांत जवळची भाषा बोर्निओच्या आग्नेय भागातील मा’आन्यान ही असल्याचे दाखवून दिले. म्हणजे इ.स.च्या पहिल्या सहस्रकात केव्हातरी काही माणसे सुमारे सात हजार किलोमीटरचा समुद्र ओलांडून येथे आली. त्यांनी वाटेतल्या जगाच्या खुणाही बरोबर आणल्या. मलागासीत उरलेल्या भागाला ‘सिसा’ म्हणतात. तो मूळचा संस्कृत ‘शेष’, मलायमार्गे आलेला.

दुसरा थर आफ्रिकेचा. पाळीव जनावरांची नावे पाहावीत. गाय-बैलाला ‘ओम्बी’, कुत्र्याला ‘अम्बोआ’, कोंबडीला ‘अकोहो’. हे शब्द स्वाहिली आणि तिच्या भगिनी भाषांतील आहेत. जनावरे कोठून आली आणि ती कोणी आणली, हे त्यांच्या नावांतच नोंदले गेले आहे. आधुनिक जनुकीय अभ्यासानेही आजचे मलागासी लोक आग्नेय आशिया आणि पूर्व आफ्रिका या दोन्ही प्रदेशांचे वंशज असल्याचे सिद्ध केले आहे.

तिसरा थर अरबी. आठवड्याचे वार असे आहेत : अलात्सिनाइनी, तलाता, अलारोबिया, अलाकामिसी, झोमा, असाबोत्सी आणि अलाहादी. उर्दू जाणणाऱ्या वाचकाला त्यांचे भाषांतर करून सांगण्याची गरज नाही. मलागासी उच्चारात ओकार उकाराकडे झुकतो, त्यामुळे ‘झोमा’ हे कानाला जवळजवळ ‘जुमा’ असेच ऐकू येते. अंतानानारिव्होचा प्रसिद्ध शुक्रवारचा बाजार याच नावाने ओळखला जाई. जुन्या पंचांगातील महिन्यांची नावे अरबी राशींवरून आली आहेत. अलाहामादी म्हणजे हमल अर्थात मेष, अदिमिझाना म्हणजे मीज़ान अर्थात तूळ, अलोहोत्सी म्हणजे हूत अर्थात मीन. ‘सिकिदी’ ही बियांच्या साहाय्याने भविष्य पाहण्याची पद्धत इल्म-ए-रमलवरून आली आहे. मराठीतही ‘रमल’ हा शब्द रूढ आहेच.

ही नावे वापरणारे बहुसंख्य मलागासी लोक मुस्लिम नाहीत. शब्द धर्माच्या मागोमागच जातात असे नाही. ते बाजार, पंचांग आणि गलबत यांच्याबरोबरही जातात. आपल्याकडे घरी ‘जुमेरात’ म्हणणारा विद्यार्थी शाळेत ‘गुरुवार’ म्हणताना आपली बोली भ्रष्ट आहे असे मानून संकोचतो. मलागासी भाषेत बोर्निओचा सांगाडा, आफ्रिकेची गुरे आणि अरबांचे वार आहेत, आणि ही सरमिसळच त्या लोकांच्या इतिहासाचा सर्वांत भरवशाचा पुरावा ठरली आहे. भेसळ म्हणून तिच्याकडे पाहिले असते तर हा इतिहास कळलाच नसता.

बंदरे आणि दर्यावर्दी

अरबी ग्रंथांत या बेटाचे उल्लेख ‘अल्-कुम्र’ या नावाने येतात. शेजारच्या कोमोरोस बेटांच्या नावात तोच शब्द टिकून आहे. बुज़ुर्ग इब्न शहरियार यांच्या ‘अजाइब अल्-हिंद’ या ग्रंथात हिजरी ३३४ म्हणजे इ.स. ९४५-४६ मध्ये ‘वाकवाक’ लोक सुमारे हजार होड्या घेऊन पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील कनबलूवर चालून आल्याची हकिकत आहे. हे लोक मादागास्करकडील अथवा थेट पूर्वेकडील बेटांवरचे असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. होड्यांचा आकडा अतिशयोक्त मानला, तरी समुद्रावरची ही वर्दळ कल्पित नव्हती.

वायव्य किनाऱ्यावरील माहिलाका येथे उत्खननात तटबंदीचे मोठे व्यापारी शहर उजेडात आले. दहाव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान ते भरभराटीला होते. तेथे चिनी आणि इस्लामी देशांतील भांडी मिळाली. बेटावरून मऊ दगडात कोरलेली भांडी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात. ईशान्येकडील वोहेमार येथेही अशीच वसाहत होती. या बंदरांत राहणाऱ्या मुस्लिम व्यापाऱ्यांना ‘अंतालाओत्रा’ म्हणजे समुद्राचे लोक म्हणत. त्यांनी धर्म, लेखन आणि व्यापार आणला, तसेच माणसांचा व्यापारही केला, हे लपवता कामा नये. बेटावरील युद्धांत पकडलेले कैदी या बंदरांतून गुलाम म्हणून बाहेर जात. पुढे युरोपीय व्यापाऱ्यांनी हाच धंदा फार मोठ्या प्रमाणावर चालवला, परंतु आपल्या पूर्वसूरींच्या वाट्याचे माप आपणच घातले पाहिजे.

१० ऑगस्ट १५०० रोजी, संत लॉरेन्सच्या दिवशी, वादळाने भरकटलेल्या दिओगो दियास या पोर्तुगीज कप्तानाला हे बेट दिसले आणि त्याला साओ लोरेन्सो असे नाव मिळाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत वायव्येकडील मुस्लिम बंदरांवर पोर्तुगीज आरमाराचे हल्ले झाले. ज्याला आपण शोध म्हणतो त्याचे दुसरे पान असे आहे.

या काळातील एक प्रकरण थेट गोव्याशी निगडित आहे. १६१३ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने बेटाच्या पाहणीसाठी एक जहाज पाठवले. त्यावर लुईस मारियानो हे जेझुइट पाद्री होते. आग्नेय किनाऱ्यावर राजा आपल्या मुलाला पाठवण्यास राजी होईना, तेव्हा रामाका नावाच्या त्या लहान राजपुत्राला बळाने जहाजावर चढवून गोव्याला नेण्यात आले. तेथे जेझुइटांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण आणि बाप्तिस्मा झाला, आणि १६१६ मध्ये त्याला परत पोहोचवण्यात आले. परतल्यावर त्याने आपल्या लोकांचीच रीत पुन्हा पत्करली. पुढे राजा झालेल्या या रामाकाला फ्रेंच सुभेदार एतिएन द फ्लाकूर याच्या माणसांनी १६५१ मध्ये ठार केले.

त्याच शतकाच्या अखेरीस हे बेट युरोपीय चाच्यांचा आसरा बनले. १६९५ मध्ये मक्केहून यात्रेकरूंना घेऊन सुरतेला परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटणारा हेन्री एव्हरी आधी मादागास्करला थांबून आला होता. त्या लुटीची आणि यात्रेकरूंवरील अत्याचारांची हकिकत इतिहासकार खाफी खान यांनी नोंदवली आहे.

सोराबे : अरबी लिपीतील मलागासी

आग्नेय किनाऱ्यावर मातितानाना नदीच्या खोऱ्यात अंतेमोरो नावाचे लोक राहतात. आपले पूर्वज मक्केहून आले, असे त्यांची परंपरा सांगते. मूळ काहीही असो, त्यांनी एक मोठे काम केले. मलागासी भाषा त्यांनी अरबी लिपीत लिहिली. या हस्तलिखितांना ‘सोराबे’ म्हणजे थोर लेखन म्हणतात, आणि ती लिहिणाऱ्यास ‘कातिबो’. हा शब्द आपल्या कातिबाचाच भाऊ आहे.

‘अवोहा’ नावाच्या झाडाची साल कुटून, शिजवून, वाळवून कागद तयार करीत. झाडाच्याच अर्काची शाई असे आणि पुस्तकाला चामड्याचे वेष्टन. मजकुरात घराण्यांच्या वंशावळी, स्थलांतराच्या आणि लढायांच्या हकिकती, शुभाशुभ दिवस, औषधे, दुआ आणि तोडगे असत. इतिहास, ज्योतिष आणि श्रद्धा यांचे हे मिश्रण पाहिले की आपल्याकडील बखरींची आठवण होते. अरबीत नसलेल्या ध्वनींसाठी त्यांनी असलेल्या अक्षरांनाच नवी कामे दिली. फारसी, उर्दू आणि मलाय या भाषांनीही आपापल्या परीने हेच केले. फ्लाकूरने १६५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कातिबांचे आणि त्यांच्या कागदाचे वर्णन आहे. काही जुनी सोराबे हस्तलिखिते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेली आहेत. गाब्रिएल फेराँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि लुडविग मुंथे यांनी विसाव्या शतकात, त्यांचा विशेष अभ्यास केला.

अठराव्या शतकाच्या शेवटी मध्य पठारावरील मेरिना राज्याचा राजा अंद्रियानाम्पोइनिमेरिना याने अंतेमोरो कातिबांना दरबारी बोलावले. त्याचा पुत्र पहिला रादामा, ज्याने १८१० ते १८२८ या काळात राज्य केले, प्रथम अरबी लिपीतच लिहायला शिकला. बेटाच्या मोठ्या भागावर सत्ता बसवणाऱ्या राज्याची पहिली लेखनविद्या ही अशी होती.

मात्र १८२० पासून लंडन मिशनरी सोसायटीचे शिक्षक राजधानीत आले, आणि १८२३ मध्ये रादामाने मलागासीसाठी रोमन लिपी ठरवली. व्यंजने इंग्रजीच्या वळणाने आणि स्वर फ्रेंचच्या वळणाने घ्यावेत, अशी तडजोड झाली. आज मलागासी याच लिपीत लिहिली जाते. १८३५ मध्ये तीत संपूर्ण बायबल छापले गेले. १८९५ मध्ये फ्रेंच फौजांनी राजधानी जिंकली, पुढल्या वर्षी बेट फ्रेंच वसाहत झाले, आणि १८९७ मध्ये शेवटची राणी तिसरी रानावालोना हिला हद्दपार करण्यात आले. १९४७ चा उठाव क्रूरपणे दडपला गेला. २६ जून १९६० रोजी देश स्वतंत्र झाला.

ही लिपी का हरली?

सोराबेचा पराभव परकीय सत्तेने केला, असे म्हणणे सोपे आहे, पण कालक्रम ते मान्य करीत नाही. रोमन लिपीचा निर्णय फ्रेंच विजयापूर्वी ७२ वर्षे, एका स्वतंत्र मलागासी राजाने घेतला. त्यामागे ब्रिटिशांशी मैत्री, मिशनऱ्यांची शिकवण्याची तयारी आणि पुढे आलेला छापखाना ही कारणे होतीच. तथापि आणखी एक कारण खुद्द सोराबेच्या परंपरेत होते. हे लेखन काही घराण्यांचे गुपित होते. ते पवित्र होते, म्हणून झाकलेले होते. बापाने मुलाला द्यावे, परक्याला दाखवू नये, अशी रीत होती. वाचणारे थोडे होते, म्हणून त्यांचा मान मोठा होता, आणि तो मान टिकावा म्हणून वाचणारे थोडेच राहिले. दुसरीकडे मिशनची शाळा फळ्यावर अक्षरे लिहून दरबारी मुलांना आणि पुढे गावोगावच्या मुलांना शिकवीत होती. राजाला मोठे राज्य चालवायला शेकडो लिहिणारे हवे होते. बंद पेटीतून ते मिळणारे नव्हते.

म्हणून मला असे वाटते की कोणतीही लिपी तिच्या पावित्र्यावर टिकत नाही, ती शिकवण्यावर टिकते. शैक्षणिक संस्थांतून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करता येणार नाही. बेळगाव-विजापूर पट्ट्यातील अनेक घराण्यांना आदिलशाहीत सनदा मिळाल्या. त्या काळच्या कागदांवर फारसी आणि मोडी मराठी मजकूर शेजारी शेजारी आढळतो. असे कागद, जुनी उर्दू-दखनी हस्तलिखिते, दर्ग्यांच्या आणि मशिदींच्या वहिवाटीचे दस्त आजही काही घरांत तबर्रुक म्हणून कापडात बांधून ठेवलेले असतात. त्यांचा आदर होतो, पण ते वाचले जात नाहीत. वाळवी मात्र आदर पाळत नाही. महाविद्यालयातील इतिहासाच्या, उर्दूच्या आणि मराठीच्या शिक्षकांनी एकत्र बसून आपापल्या गावातील असे कागद मालकांच्या संमतीने पाहावेत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, यादी करावी, आणि चार विद्यार्थ्यांना मोडी व फारसी वळण ओळखायला शिकवावे. यासाठी फार मोठ्या अनुदानाची गरज नाही.

अंतेमोरोंच्या कागदाचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख संपवतो. सालीपासून कागद बनवण्याची ती कला विसाव्या शतकात पुन्हा सुरू झाली. अंबालावाओ या गावात आजही तो कागद तयार होतो. ओल्या लगद्यावर रंगीत फुले आणि पाने मांडून तो वाळवतात, आणि प्रवासी तो भेटवस्तू म्हणून विकत घेतात. ज्या कागदावर एका लोकसमूहाने आपली वंशावळ आणि आपला इतिहास लिहिला, त्या कागदावर आता अक्षरे नसतात.